गोड्या पाण्यातला गंज

कोकणच्या किनाऱ्यावर ज्याचा जन्म गेला, त्या नाखव्याला गंज म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. खिळ्यापासून नांगराच्या साखळीपर्यंत प्रत्येक लोखंडी वस्तूचे आयुष्य तो खाऱ्या हवेचा हिशेब आधी मांडूनच ठरवतो, आणि मुदत भरण्यापूर्वी ती वस्तू बदलण्याची तजवीजही करून ठेवतो. भीमाकाठची गोष्ट निराळी आहे. इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाला भिगवणपासून पळसदेव, कळाशी, शिरसोडीपर्यंत उजनी धरणाचे जे विस्तीर्ण पाणी पसरले आहे, त्यावर नावा चालविण्याचा व्यवसाय वयाने अजून तरुणच म्हटला पाहिजे. धरण पूर्ण झाले १९८० साली. त्यापूर्वी नदीकाठच्या काळ्या रानात ज्यांचे वाडवडील ज्वारी पिकवीत, त्यांच्यापैकी काहींची मुले-नातवंडे आज त्याच रानावर उभ्या असलेल्या पाण्यात चिलापीसाठी जाळी टाकतात, हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला आलेल्या मंडळींना होडीतून फिरवून आणतात, आणि पलीकडच्या करमाळा तालुक्यातल्या माणसांची त्यांच्या दुचाकींसह ने-आण करतात. समुद्राचा अनुभव या मुलखाच्या गाठीशी नाही, आणि म्हणूनच पाणी गोडे आहे तेव्हा लोखंडाला भय नाही, असा एक समज येथे सहज रुजला आहे.

हा समज अर्धाच खरा आहे. नौकेच्या बाहेरच्या पत्र्यापुरता तो बराचसा टिकतो, कारण मिठाच्या पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह जितक्या सुलभतेने वाहतो तितका गोड्या पाण्यातून वाहत नाही, आणि गंज चढणे ही क्रिया मुळात अशा प्रवाहावरच अवलंबून असते. उजनीचे पाणी निर्मळ झऱ्याचे नव्हे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून त्यात येऊन मिळते, त्यामुळे त्यात क्षारही आहेत आणि सेंद्रिय मळही आहे. तथापि समुद्राशी त्याची तुलना होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु नौकेत एक वस्तू अशी असते की जिला बाहेरचे पाणी गोडे की खारे याच्याशी फारसे कर्तव्य नसते, कारण तिचा क्षय आतून, तिने स्वतःच्या पोटात साठवलेल्या पाण्याने होतो. ती वस्तू म्हणजे इंधनाची टाकी. जुन्या लाँचची टाकी बदलण्याचा प्रसंग आला की नवा पत्रा किती जाडीचा घ्यावा एवढीच चर्चा बहुधा होते. जुनी टाकी कशाने गेली याचा शोध घेतल्यावाचून नवी बसविली, तर तीही त्याच वाटेने जाणार आहे. हे स्पष्ट व्हावे एवढ्यासाठीच हा विषय येथे विस्ताराने मांडीत आहे.

टाकीच्या अंतरंगाची कल्पना यावी म्हणून एक नमुना घेऊ. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच अशी टाकी असेल, तर तिच्यात सुमारे २०० लिटर डिझेल मावते. डिझेल पाण्याहून हलके असते, लिटरला सव्वाआठशे-साडेआठशे ग्रॅम एवढेच त्याचे वजन. त्यामुळे टाकीत शिरलेला पाण्याचा प्रत्येक थेंब डिझेलमधून खाली उतरतो आणि बुडाशी जाऊन बसतो. इंजिनाकडे इंधन नेणारी नळी मुद्दामच बुडापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर ठेवलेली असते, आणि ते योग्यही आहे, कारण तळाचा गाळ इंजिनात जाऊ नये. पण याचा दुसरा अर्थ असा की नळीच्या तोंडाखालचे पाणी कधीच बाहेर पडत नाही. आमच्या नमुन्याच्या टाकीत तळाशी एक सेंटिमीटर पाणी साठले, तर ते चार लिटर भरते; आणि हे चार लिटर पाणी वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच पत्र्याला चिकटून, प्रकाश आणि वारा यांपासून दूर पडून राहते.

इंदापूरच्या एका कारखान्यात अशी एक निकामी टाकी उभी चिरून ठेवलेली मी पाहिली आहे. वरचे तीन भाग नव्या पत्र्यासारखे करडे आणि तुकतुकीत होते, कारण डिझेलचा पातळ थर लोखंडाला एक प्रकारचे तेलपाणीच घालीत असतो. बुडापासून चार बोटांवर मात्र एखाद्या विहिरीच्या भिंतीवर पाण्याची खूण राहावी तशी एक सरळ तांबडी रेषा होती, आणि तिच्या खाली पत्र्याचे रूपच पालटलेले होते: सगळीकडे सारखा पसरलेला गंज नव्हता, तर ज्वारीच्या दाण्याएवढे खोल खळगे होते, आणि त्यांपैकी दोन-तीन खळग्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. तळाशी काळपट, बुळबुळीत, चिखल आणि जिलेटिन यांच्या मधले काहीतरी साचलेले होते. मिस्त्रीने ते पान्याच्या टोकाने उचलून मालकाला दाखविले आणि म्हणाला, ‘तात्या, ह्याला टाका मारून उपेग न्हाई, वरनं टाकी चांगली दिसती, पण बूड पार गेलंय.’

तो बुळबुळीत पदार्थ म्हणजे जिवंत सृष्टी असते. पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना स्पर्श करतात त्या सीमेवर काही बुरश्या आणि जिवाणू वाढतात. पाण्यात राहतात आणि डिझेलवर पोसतात. त्यांतली एक बुरशी, हॉर्मोकोनिस रेझिनी या शास्त्रीय नावाची, एवढी प्रसिद्ध आहे की तिला रॉकेलवरची बुरशी असेच म्हणण्याचा प्रघात पडला. जेट विमानांचे युग सुरू झाल्यावर त्यांच्या पंखांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंधनटाक्या या बुरशीने पोखरल्याचे आढळले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. या जीवांच्या वाढीतून आम्ले निर्माण होतात, त्यांच्या थराखाली प्राणवायू पोहोचत नाही, आणि ज्या ठिकाणी प्राणवायू कमी तेथला पत्रा शेजारच्या पत्र्याच्या तुलनेने लवकर झिजतो. गंज सर्वत्र सारखा न पसरता खळग्याखळग्यांनी खोल का जातो याचे एक मोठे कारण हे आहे, आणि वरून ठोकून पाहिलेली टाकी भक्कम वाटत असताना एका सकाळी ठिबकू का लागते, याचे उत्तरही त्यातच आहे.

मग हे पाणी टाकीत येते कोठून? बहुतेक जण दवाकडे बोट दाखवतात. दिवसा ऊन तापले की टाकीतली हवा फुगून वायुनळीतून बाहेर जाते, रात्री थंडीने आकसली की धरणावरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातली वाफ थंड पत्र्यावर दव होऊन बसते. म्हणून टाकी नेहमी भरलेली ठेवावी, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. उपदेश चुकीचा नाही, पण हिशेब करून पाहावा. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर बंदिस्त हवेचे आकारमान सुमारे एक-पंधरांश बदलते. अर्धी रिकामी, म्हणजे १०० लिटर हवेची टाकी असेल तर एका रात्रीत आत येते ती जेमतेम सात लिटर हवा. आणि ३० अंशांवर वाफेने पूर्ण भरलेल्या घनमीटरभर हवेत पाणी असते ३० ग्रॅम, म्हणजे सात लिटरांत पाव ग्रॅमही नाही. शंभर रात्रींचे दव एकत्र केले तरी लहानशी पळी भरेल. चार लिटर पाणी या मार्गाने साठायला अर्धे शतक तरी लागेल. तेव्हा खरा चोर दुसरीकडे आहे, आणि तो बहुधा टाकीच्या तोंडाशीच सापडतो. भरणीच्या झाकणाचे रबर उन्हाने फुटलेले असते, आणि परतीच्या पावसाच्या एका वादळी रात्रीत पेलाभर पाणी त्यातून सहज खाली उतरते. दुसरा मार्ग डब्याचा. पंपावरून डिझेल आणण्यासाठी वापरलेला प्लॅस्टिकचा डबा काठावर धरणाच्याच पाण्यात विसळला, पालथा न घालता तसाच भरला, की प्रत्येक खेपेला थोडे पाणी टाकीत जाते, आणि त्याच्याबरोबर उजनीचे क्षार आणि जिवाणूही जातात. झाकणाचे दहा-वीस रुपयांचे रबर आणि एक कोरडा डबा यांच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणून टाकी दगावते, हे पचनी पडायला कठीण आहे; पण मामला तसाच आहे.

उजनीचे स्वतःचे असे आणखी एक वैशिष्ट्य आहे. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, परंतु तिच्यातली निम्म्याहून अधिक मृतसाठा म्हणून गणली जाते. त्यामुळे उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून पातळी उणे टक्केवारीत मोजली जाते, आणि २०२४ सालच्या उन्हाळ्यात तर ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. पाणी असे मैलोगणती मागे सरते, पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, आणि कित्येक नावा चिखलाच्या काठावर ओढून महिनोन्‌महिने पडून राहतात. पडून राहणारे इंजिन आणि हलत न राहणारे डिझेल हाच त्या जीवसृष्टीचा सुगीचा हंगाम. पाऊस पडून भीमेला पूर आला, पाणी चढले, की मालक इंजिन सुरू करतो, आणि तळाशी शांत बसलेला सारा गाळ पहिल्याच लाटेने घुसळून वर येतो.

लक्षणे तेव्हाच दिसू लागतात. इंजिन एका लयीत न चालता चढउतार करते, जोर दिला की गुदमरते, फिल्टर काढून पाहावा तर तो काळ्या शेवाळासारख्या थराने भरलेला असतो, आणि नवा बसविला की आठवड्याभरात पुन्हा तेच. काठावर असताना या गोष्टीची चीड येते, एवढेच. भर पाण्यात तिचे स्वरूप बदलते. उजनीचे पात्र ठिकठिकाणी एवढे रुंद आहे की वैशाखातल्या वळवाच्या वाऱ्याला तेथे मोकळे रान मिळते, आणि इंजिन बंद पडलेली नाव सुकाणूला दाद देत नाही. ती वाऱ्याला आडवी होते आणि लाटा तिच्या कुशीवर आदळू लागतात. २१ मे २०२४ रोजी पलीकडच्या काठावरच्या कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, त्यात लहान मुलेही होती. त्या दुर्घटनेचा टाकीशी काही संबंध नाही. ती वाऱ्याने घडविलेली. तिचा उल्लेख करतो तो एवढ्यासाठी की या पाण्यावर वारा काय करू शकतो याबद्दल त्या दिवसानंतर कोणाच्या मनात संशय उरू नये, आणि ज्या नावेत उतारू बसतात तिच्या इंजिनाने ऐन वेळी दगा देणे हा प्रकार किती गंभीर आहे हे ध्यानात यावे.

तरीही टाकी बदलण्याचा निर्णय नेहमी लांबणीवर पडतो. ठिबकणाऱ्या जागी आधी साबण चोळला जातो, नंतर एम-सील लावले जाते, त्यानंतर वरून एक ठिगळ जोडण्याचा विचार होतो. ज्या पत्र्यात एक खळगा आरपार गेला आहे त्यात आणखी अनेक खळगे आरपार जाण्याच्या बेतात असतात, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ठिगळाच्या कडेचा झिजलेला पत्रा आणखीच फाटतो. माझे मत स्पष्ट आहे: बुडाशी गेलेली टाकी दुरुस्त करू नये. आणि या मताला खर्चापेक्षाही मोठे असे एक कारण आहे, ते आगीचे.

डिझेल पेट्रोलसारखे झटकन पेटत नाही, म्हणून त्याच्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग करण्यात धोका नाही, असे मानणारे कारागीर आढळतात. भारतीय मानकाने डिझेलसाठी अशी अट घातली आहे की ३५ अंशांच्या खाली त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ नये. याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. इंदापूर-बारामतीकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवाच ४० अंशांवर जाते, आणि उन्हात पडलेल्या लोखंडी टाकीचे अंग त्याहून कितीतरी अधिक तापते. म्हणजे मानकाने सुरक्षित धरलेल्या मर्यादेच्या वरच तेथे सारे काम चालू असते. भरलेल्या टाकीपेक्षा ओशट रिकामी टाकी अधिक घातक, कारण आत वाफही आहे आणि तिला जळण्यासाठी लागणारी हवाही आहे. जुनी टाकी काढताना ज्योत, ग्राइंडर आणि वेल्डिंग तिच्याजवळ येऊच देऊ नये. आधी उरलेले डिझेल पंपाने काढावे, तळाचा गाळ वेगळ्या डब्यात घ्यावा, साबणाच्या गरम पाण्याने आतून धुवावे, सर्व तोंडे उघडी ठेवून वारा खेळू द्यावा. आणि कित्येक जुन्या नावांत टाकी आधी ठेवून वरची फळी मागाहून ठोकलेली असते, तशी ती अखंड बाहेर निघत नसेल तर हाताच्या करवतीने, पात्यावर तेल-पाणी सोडीत, सावकाश तिचे तुकडे करावेत. या कामाला दिवस लागला तरी तो वाया गेला असे समजू नये.

आता नवी टाकी. या बाबतीत बारामती-इंदापूरचा मुलूख भाग्यवान आहे. साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या सान्निध्यात येथे पत्रा वाकविणारे, जोडणारे, टाक्या घडविणारे कारागीर तयार झालेले आहेत. आणि इंदापूर तालुक्यातच, कळंब गावाच्या माळावर, वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात उभारलेले वालचंदनगर आहे. सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत अग्रभाग घेतला, त्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. विशाखापट्टणची गोदी १९४१ साली त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली, आणि १९४८ साली तेथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. समुद्रापासून इतक्या दूरच्या या तालुक्याचे भारतीय नौकाबांधणीशी असे नाते आहे, आणि ज्याच्या मनात आपल्या लहानशा लाँचसाठी चांगले काम करून घ्यावे असे आहे त्याला हा वारसा ठाऊक असावा असे मला वाटते.

कारागीर मुबलक असले तरी पाण्याची टाकी, दुधाची टाकी आणि डिझेलची टाकी यांचे धर्म एक नाहीत. सर्वांत मोठी चूक संभवते ती जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याबाबत. पाण्यासाठी हा पत्रा उत्तम, आणि गंजाला कंटाळलेला मालक तोच पत्रा मागतो. पण डिझेल जस्ताशी क्रिया करून साबणासारखे संयुग तयार करते, आणि ते फिल्टरांत व इंजिनाच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसते. टाकीच्या आतल्या अंगाला जस्त नको आणि रंगही नको. साधे स्वच्छ लोखंड डिझेलखाली सुखाने राहते, मात्र बाहेरून त्याला दोन-तीन हात एपॉक्सी रंग हवा. दूध संघांसाठी काम करणारे लोक ३०४ जातीचे स्टेनलेस वापरतात. नावेसाठी मॉलिब्डेनम असलेले ३१६ एल अधिक भरवशाचे, तथापि स्टेनलेस म्हणजे अमरपट्टा नव्हे, कारण त्याच्या पृष्ठभागावरचे संरक्षक कवच हवेतल्या प्राणवायूवर टिकते, आणि ओल्या लाकडाला किंवा साचलेल्या गाळाला घट्ट चिकटलेले स्टेनलेस तेवढ्याच जागी खळगे पडून फुटते. अ‍ॅल्युमिनियम घ्यायचे तर ५०८३ किंवा ५०५२ या जातींचे, आणि त्यात पितळेचे नळ थेट बसवू नयेत, नाहीतर दोन विजोड धातूंच्या संगतीत अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजते. वजनाचाही विचार करावा. आमच्या नमुन्याच्या टाकीला तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा लावला तर रिकाम्या टाकीचेच वजन ५० किलोंच्या वर जाते, त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची टाकी १८ किलोंच्या आतबाहेर राहते. आणि भरलेल्या डिझेलचे दीडशे किलोंहून अधिक वजन त्यावर असतेच. लहान होडीच्या समतोलात हा फरक डोळ्यांना दिसतो. माझा कौल विचाराल तर उजनीच्या गोड्या पाण्यावर साधे लोखंड, नीट बसविलेले आणि नीट राखलेले, पुरेसे आहे. ते येथल्या प्रत्येक वेल्डरला जोडता येते, आणि खराब जोडलेल्या महाग धातूपेक्षा चांगला जोडलेला स्वस्त धातू केव्हाही श्रेयस्कर.

घडणीत दोन गोष्टींवर सवलत देऊ नये. पहिली आडपडद्यांची. अर्धी भरलेली टाकी डोलू लागली की सारे डिझेल एका बाजूला धावते, आणि नाव ज्या बाजूला कलली त्याच बाजूला भार टाकते. आत खाली-वर कोपरे कापलेले दोन पत्रे उभे जोडले की ही धाव मोडते, आणि कापलेल्या कोपऱ्यांतून डिझेल, पाणी व हवा हळूहळू इकडून तिकडे जाऊ शकतात. दुसरी गोष्ट तळाची. बूड सपाट न ठेवता एका कोपऱ्याकडे उतरते घ्यावे, त्या कोपऱ्यात वाटीसारखी खोलगट जागा करावी, आणि तेथील पाणी उपसून काढता येईल अशी सोय ठेवावी. वरच्या पत्र्यावर हात आत जाईल एवढे झाकणाचे तोंड असावे, म्हणजे आत काय चालले आहे हे टाकी न चिरता कळेल. जुन्या टाक्यांत या दोन सोयी बहुधा नसतात, आणि मुख्यतः त्यामुळेच त्या जुन्या होण्याआधी जातात. इंजिनाकडे जाणारी नळी आणि उरलेले डिझेल परत आणणारी नळी या दोन्ही वरच्या पत्र्यातून उतराव्यात. बाजूला किंवा खाली भोक पाडले तर ते जोड सुटल्याबरोबर सारी टाकी नावेच्या तळात रिकामी होते.

तपासणीसाठी यंत्रसामग्री लागत नाही. टाकीची सर्व तोंडे बंद करून एका तोंडावर दोन मीटर उंचीची नळी उभी करावी आणि टाकी-नळी दोन्ही पाण्याने काठोकाठ भराव्यात. दोन मीटर पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम एवढा दाब देतो, आणि नावेच्या टाकीची कसोटी पाहण्यास तेवढा पुरेसा असतो. नळीतली पातळी तासाभरात ढळता कामा नये, आणि प्रत्येक जोड खडूने पुसून पाहिला असता कोठे ओल येता कामा नये. हवेच्या कॉम्प्रेसरने हेच काम लवकर होते, पण तो मोह टाळावा: ९० बाय ५० सेंटिमीटरच्या एका बाजूवर एवढ्या अल्प दाबानेही ९०० किलोंचा भार पडतो, आणि टायरमध्ये हवा भरण्याच्या दाबाची चुकून एक फुंकर गेली तरी टाकी फुटून माणूस जायबंदी होऊ शकतो. पाणी दाबले जात नाही, म्हणून फुटली तरी टाकी केवळ गळते. तपासणीनंतर टाकी आतून पुरती वाळवावी, हे सांगायला नको. नवी टाकी ओली बसविणे म्हणजे पहिल्याच दिवशी जुन्या रोगाचे बी पेरणे.

बसविताना टाकी नावेच्या तळावर थेट टेकवू नये, आणि गोणपाट, नमदा किंवा ओलावा धरणारा स्पंज तिच्याखाली घालू नये. पाणी न शोषणाऱ्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर ती उचलून ठेवावी, भोवताली बोट फिरेल एवढी मोकळी जागा असावी, आणि पट्ट्यांनी ती अशी आवळावी की लाटेत तसूभरही हलणार नाही. वायुनळीचे तोंड वर नेऊन खाली वळवावे, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. त्यावर बारीक जाळी हवी. टाकीजवळच, हात सहज पोहोचेल अशा ठिकाणी, इंधन बंद करण्याचा नळ असावा. आणि नळ्या इंधनासाठीच बनविलेल्या घ्याव्यात. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेतला फवाऱ्याचा पाइप घरात पडलेला असतो म्हणून तोच जोडला जातो, पण डिझेलने तो कडक होऊन तडकतो. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनांची टाकी असेल तर ही खबरदारी दुपटीने घ्यावी, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि नावेच्या तळात साचून ठिणगीची वाट पाहते.

काढलेल्या टाकीतला काळा गाळ आणि खराब डिझेल यांचे काय करावयाचे, हा प्रश्न काठावर क्वचितच विचारला जातो, आणि सर्वांत सोपी जागा समोरच असते. ते कदापि धरणात टाकू नये. लिटरभर डिझेल पाण्यावर किती दूरवर तवंग धरते हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. याच पाण्यातली मासळी भिगवणच्या बाजारातून दूरदूर जाते, याच उथळ चिखलात रोहित पक्षी चोच घालून खाद्य गाळतात, आणि याच जलाशयाचे पाणी सोलापूरकर पितात. जुने इंजिन-ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे तो गाळ झाकणबंद डब्यातून द्यावा.

कायद्याने या साऱ्याची दखल घेतलेली आहे. १९१७ सालचा अंतर्देशीय जहाजांचा कायदा जाऊन २०२१ साली नवा कायदा आला, त्याप्रमाणे यंत्राने चालणाऱ्या अंतर्देशीय नौकांची नोंदणी आणि तपासणी आवश्यक आहे, आणि महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे येते. टाकी बदलल्याची नोंद, पत्र्याची जात व जाडी, दाबाच्या तपासणीची तारीख हे सारे एका वहीत लिहून नौकेच्या कागदपत्रांबरोबर ठेवले तर तपासणीच्या वेळी ते उपयोगी पडेल, आणि नाव पुढे विकली गेली तर घेणाऱ्यालाही कळेल. शिरसोडी आणि कुगाव यांना जोडणारा पूल झाला म्हणजे उतारूंची नावेवरची भिस्त कमी होईल आणि ती व्हावी हेच इष्ट. पण मासेमारीच्या होड्या आणि पक्षी दाखविणाऱ्या नावा त्यानंतरही या पाण्यावर राहणार आहेत.

नवी टाकी बसली म्हणून फिल्टरकडे पाठ फिरवू नये. जुन्या नळ्यांत आणि पंपात अडकलेला गाळ पहिल्या काही दिवसांत सुटून येतो, तेव्हा फिल्टर लवकर बदलावा, आणि पाणी वेगळे करणारी काचेची वाटी असेल तर रोज सकाळी निघण्यापूर्वी ती पाहावी. पेट्रोल पंपावर तळाचे पाणी ओळखण्यासाठी मोजकाठीला एक मलम लावतात, पाण्याचा स्पर्श होताच त्याचा रंग बदलतो. त्याची एक नळी मागून आणावी, आणि नाव काठावर ओढण्यापूर्वी एकदा व पाणी चढल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी एकदा, अशी काठी टाकीत बुडवून पाहावी. रंग बदलला तर तळाचे पाणी उपसावे, आणि झाकणाचे रबर त्याच दिवशी बदलावे.